चाकांवरचें घर व त्याचें सुकाणूं

घर म्हटलें म्हणजे तें एका जागीं स्थिर असावें, अशी आपली सर्वांची समजूत असते. परंतु आपल्याच मुलखांत ही समजूत खोटी पाडणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. घिसाडी आपला भाता, ऐरण व बिऱ्हाड गाडीवर घालून गांवोगांव फिरत असे. तमाशाचे फड हंगामांत अद्यापिही मालमोटारींतूनच संसार करितात. विलायतेंत गॉर्डन स्टेबल्स नांवाचे आरमारांतून निवृत्त झालेले एक डॉक्टर होते. त्यांनीं १८८५ सालीं दोन घोड्यांची एक लांकडी घरगाडी बांधवून घेतली, तींतून शेंकडों मैल प्रवास केला, व त्यावर पुस्तकही लिहिलें. पुढें घोडे गेले व एंजिनें आलीं. जर्मनींत १९५१ पासून फोक्सवॅगनच्या मोटारींत बिछाने व कपाटें बसवून देण्यांत येऊं लागलीं, तेव्हांपासून मोटारघर ही केवळ श्रीमंतांची चैन राहिली नाहीं. आम्ही ज्या मोटारघराविषयीं येथें लिहिणार आहों तें मात्र कोणत्याही कारखान्यांत तयार झालेलें नाहीं. तें आपल्या छत्रपती संभाजीनगरांत एका सुतारानें बांधलें, व त्याच्या खालीं आहे ती १९६८ सालची उंच बॉनेटची महिंद्र जीप.

ही जीप आमच्या एका स्नेह्यांच्या वडिलांची. ते डॉक्टर होते. आठवड्याच्या बाजाराचा दिवस पाहून फुलंब्री, सिल्लोड, कन्नड, गंगापूर या बाजूंस जावें, झाडाखालीं गाडी लावावी, रोगी तपासावे, व रात्र झाली तर तेथेंच मुक्काम करावा, असा त्यांचा परिपाठ असे. याकरितां त्यांनीं जीपची चासीस मागें वाढवून तिजवर सागवानी खोली करवून घेतली. दोन बाजूंस दोन फळ्यांचे बिछाने, औषधांचें कपाट, रॉकेलचा स्टोव्ह, व अगदीं मागील टोकास पाण्याची टांकी. काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, पुष्कळ वेळां बरोबर जात. मलमपट्टीचें काम त्याच करीत. डॉक्टर वारल्यास आतां बरींच वर्षें झालीं. काकूंनीं ऐंशी ओलांडली आहे. गाडी मात्र अंगणांतील लिंबाखालीं उभी, व वर्षांतून एक-दोन वेळां काकूंस वेरूळपर्यंत फिरवून आणण्यापुरती चालू ठेवलेली.

गेल्या हिंवाळ्यांत मात्र हा क्रम मोडण्याची वेळ आली. खुलताबादच्या घाटांत उतारावर गाडी आपोआप उजवीकडे ओढूं लागली, व स्टिअरिंग फिरवूनही क्षणभर कांहींच घडेना. समोरून बस येत होती. बसच्या चालकानें गाडी कडेला घेतली म्हणून निभावलें. त्यानंतर नोंदणीची मुदत संपली. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षें टिकते व पुढें दर ५ वर्षांनीं तपासणी होऊन ती नवी करून घ्यावी लागते, हें पुष्कळ पालकांस ठाऊक असेलच. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनीं स्टिअरिंग दोन्हीं बाजूंस हलवून पाहिलें, मान हालविली, व कागद परत केला. त्यांनीं केलें तें योग्यच केलें, असें आमचें मत आहे.

स्नेह्यांनीं गाडी भंगारांत देण्याचें ठरविलें. लोखंडाचा भावही काढून ठेविला. काकूंनीं त्यावर एवढेंच विचारलें, “मोडली आहे, कीं ढिली झाली आहे?” हा प्रश्न आम्हांस फार मार्मिक वाटला. त्याचें उत्तर कोणासच नीट देतां येईना, तेव्हां आम्ही म्हणालों, “काकू, पंधरा दिवस थांबा. भंगारवाल्यास नंतर बोलावूं.”

या ठिकाणीं थोडें विषयांतर करणें अवश्य आहे. कारण सुकाणूं म्हणजे काय हें समजल्यावांचून तें ढिलें कां होतें हें कळणार नाहीं. आपल्या बैलगाडीस सुकाणूं नसतें. तिला दोनच चाकें. बैल वळले कीं गाडी वळली. चार चाकांच्या जुन्या बग्गींत पुढचा सबंध आंस मध्यावरील एका खिळीवर फिरे. वळण तीव्र असलें म्हणजे आंस आडवा होऊन गाडीचा तोल जाई. म्यूनिक येथील लांकेन्स्पेर्गर नांवाच्या गाडी बांधणाऱ्यानें १८१७ त निराळी युक्ति काढली: आंस स्थिर ठेवावा, व प्रत्येक चाकास त्याच्या टोकाशीं स्वतंत्र खिळीवर फिरूं द्यावें. इंग्लंडांत या युक्तीचें पेटंट १८१८ त त्याचा प्रतिनिधि आकरमन यानें घेतलें, व आज जगभर नांव चालतें तें आकरमनचेंच. शोधकाचें नांव मागें पडून अडत्याचें पुढें यावें, असे प्रकार इतिहासांत कमी नाहींत! या रचनेंत आणखी एक खुबी आहे. वळतांना आंतील चाक लहान वर्तुळावर व बाहेरील मोठ्या वर्तुळावर धांवतें. म्हणून आंतील चाकानें अधिक वळलें पाहिजे. दोन्ही चाकांच्या बाह्या मागील आंसाच्या दिशेनें किंचित एकमेकींकडे कललेल्या ठेवून त्यांस टाय रॉडनें जोडलें, कीं हें आपोआप साधतें. भूमितीच्या तासास डुलक्या घेणाऱ्यांनीं इकडे थोडें लक्ष द्यावें.

आमच्या जीपमध्यें हाताची हालचाल चाकांपर्यंत पोहोंचते ती अशी. स्टिअरिंगचा दांडा खालीं एका पेटींत उतरतो. पेटींत मळसूत्रासारखी खांच असलेला गज असतो, व त्या खांचेंत बसलेल्या दोन खुंट्या एका तरफेस हालवितात. तरफेमुळें बाहेरील ड्रॉप आर्म मागें-पुढें होतो. त्यास जोडलेली ड्रॅग लिंक पुढें जाऊन बेलक्रँक नांवाच्या कोनाकृति तुकड्यास ढकलते. हा बेलक्रँक चासीसच्या पुढील आडव्या पट्टीवर एका खुंटाभोंवतीं फिरतो, व मागें-पुढें होणाऱ्या हालचालीचें रूपांतर डाव्या-उजव्या हालचालींत करून टाय रॉड ओढतो. शेवटीं चाक किंगपिनवर वळतें. म्हणजे हातापासून चाकापर्यंत ही एक सांखळीच आहे. प्रत्येक सांध्यांत रेसभर फट पडली तरी सर्व फटींची बेरीज मात्र हातांत येते.

आणि येथेंच बहुतेकांची फसगत होते. हाताला ढिलाई लागते ती पेटीच्या वरच्या बाजूस. म्हणून दोष पेटींतच असणार असें मन घेतें. आमच्या स्नेह्यांनीं यापूर्वीं एका कारखान्यांत गाडी दाखविली होती. तेथें पेटीच्या कुशींतील स्क्रू करकचून आवळून दिला व पैसे घेतले. त्या पेटीची खांच मुद्दामच अशी कापलेली असते कीं, चाकें सरळ असतांना खुंट्या सर्वांत घट्ट बसाव्या. तेथेंच स्क्रू जास्त आवळला, तर वळणावरून परत येतांना स्टिअरिंग मध्यावर अडकतें, आपोआप सरळ होत नाहीं. आणि पुढील सर्व सांधे ढिले ते ढिलेच राहतात. घाटांतील प्रसंग या अडकण्यामुळेंच अधिक बिकट झाला, असें आमचें अनुमान आहे.

एका शनिवारीं दुपारीं आम्ही, दहावीचे दोन विद्यार्थी, व मोंढ्याच्या बाजूस ज्यांचें दुकान आहे असे एक वृद्ध मिस्त्री, इतके जण त्या लिंबाखालीं जमलों. मिस्त्री गेलीं पन्नास वर्षें जीपाच करीत आले आहेत. त्यांनीं प्रथम हत्यारास हातच लाविला नाहीं. चारी टायरांतील हवा सारखी करविली. पुढील दोहोंत मोठा फरक होता, व गाडी एका बाजूस ओढण्याचें अर्धें कारण तेथेंच सांपडलें. मग पेटी चासीसला ज्या बोल्टांनीं धरलेली असते ते पाहिले, कमानींचे शॅकल पाहिले, चासीसला कोठें तडा आहे काय हेंही विजेरीनें पाहिलें. पेटीच धरलेल्या जागीं हलत असेल तर बाकी सर्व तपासणी व्यर्थ होय. तेथें कांहीं दोष निघाला नाहीं.

नंतरची पद्धत इतकी सोपी व इतकी शास्त्रशुद्ध होती कीं, ती आम्हीं वर्गांतही शिकविली. गाडी जमिनीवरच, चाकें सरळ, एंजिन बंद. स्टिअरिंगच्या कडेवर खडूची एक खूण व तिच्यासमोर एक स्थिर पट्टी. एकानें आंत बसून चाक अगदीं सावकाश एका बाजूच्या टोंकाकडून दुसरीकडे न्यावयाचें. दुसऱ्यानें खालीं निजून क्रमाक्रमानें एकेका सांध्यावर असें बोट ठेवावयाचें कीं, बोटाचा अर्धा भाग सांध्याच्या एका तुकड्यावर व अर्धा दुसऱ्यावर यावा. एक तुकडा हालला व दुसरा थांबला, तर डोळ्यास दिसण्यापूर्वीं बोटास कळतें. आणि पुढील तुकडा हालूं लागतांच खालून “हालला!” म्हणावयाचें, कीं वरच्यानें खडूची खूण किती सरकली तें वाचावयाचें.

ड्रॉप आर्म हालला तेव्हां खूण पाव इंच सरकली होती. ड्रॅग लिंक हालली ती दीड इंचावर. बेलक्रँक हालूं लागला दोन इंचांवर. टाय रॉड मात्र पावणेपांच इंचांपर्यंत जागचे हालले नाहींत. व रस्त्यावरचीं चाकें वळूं लागलीं तीं सहा इंचांवर. आतां वजाबाकी करून पाहावी. पेटीचा दोष केवळ पाव इंच. ड्रॅग लिंकच्या मागील सांध्याचा सव्वा इंच. पुढील सांध्याचा अर्धा. टाय रॉडच्या टोंकांचा सव्वा. आणि एकट्या बेलक्रँकच्या खुंटाचा पावणेतीन इंच! स्टिअरिंगचा व्यास १७ इंच, म्हणजे परिघ सुमारें ५३ इंच. सहा इंच म्हणजे जवळजवळ ४० अंश. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतील ९८ वा नियम ३० अंशांहून अधिक ढिलाई चालूं देत नाहीं. या गाडींत ३० अंश म्हणजे साडेचार इंचांहून किंचित कमी. अधिकाऱ्यांनीं हातानें हालवून जें ओळखलें, तें आमच्या खडूनेंही तसेंच सांगितलें.

मिस्त्री हंसून म्हणाले, “सर, दरद घुटने में था, पट्टी सर पे बांधे.”

याच नियमांत असेंही सांगितलें आहे कीं, सुकाणूंचे सांधे ज्या बोल्टांनीं वा खिळ्यांनीं जोडलेले असतील ते पक्के अडकविलेले असावे. तें वाक्य किती महत्त्वाचें आहे हें त्याच दुपारीं आम्हांस दिसलें. ड्रॅग लिंकच्या पोकळ टोंकांत ड्रॉप आर्मचा गोळा बसतो. त्याच्या मागें वाटी, स्प्रिंग, व शेवटीं आट्यांचें एक बूच. बूच फिरून बाहेर येऊं नये म्हणून त्याच्या आरपार एक दुपाखी खीळ घालतात. गॅरेजांत तिला स्प्लिट पिन म्हणतात. चिखलाचा थर खरवडून एका विद्यार्थ्यानें पाहिलें, तों तेथें पिन नव्हती; बारीक तारेचा एक तुटका वेढा तेवढा लोंबत होता. बूच कित्येक आटे बाहेर आलेलें होतें. तें आणखी थोडें फिरतें तर गोळा निसटून पडला असता, व मग हातांतील चाक आणि रस्त्यावरचें चाक यांचा एकमेकांशीं कांहींएक संबंध उरला नसता. दोन पैशांची वस्तु ती. स्नेह्यांनीं ती तार हातांत घेतली, तेव्हां त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. काकू त्या गाडींत घाटांतून उतरल्या होत्या.

बेलक्रँक उतरविल्यावर त्याचें रहस्यही उलगडलें. खुंटाभोंवतीं सुईसारख्या बारीक रोलरांचें बेअरिंग असतें. त्यास ग्रीस देण्याच्या निपलवर गाडी रंगवितांना रंगाचा थर बसला होता, व आंत कित्येक वर्षें ग्रीस गेलेलेंच नव्हतें. रोलरांनीं खुंटावर उभ्या खांचा पाडल्या होत्या. नखानें मोजतां येत. बाहेरून चकचकीत, आंतून कोरडें. वाळूजला व शेंद्र्याला रोज नवीं वाहनें जन्मास येतात, त्या आपल्या शहरांत हा एवढासा खुंट कोठें मिळाला नाहीं! शेवटीं तो बेअरिंगांसह मुंबईहून मागवावा लागला. तो येईपर्यंतचे दिवस आम्हीं इतर कामांत घालविले.

त्यांत एक किंगपिनांचें. पुढचें चाक जॅकवर उचलून वर व खालीं धरून डोलविलें, तर तें किंचित हाले. हा दोष चाकाच्या बेअरिंगचा, कीं किंगपिनचा? येथें मिस्त्रींनीं एका विद्यार्थ्यास ब्रेक दाबून धरावयास सांगितलें. ब्रेक दाबला म्हणजे चाक व त्याची मागची थाळी एकजीव होतात. मग हालणें थांबलें तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, न थांबलें तर किंगपिनचा. आमचें थांबलें नाहीं. किंगपिनच्या वरील टोपणाखालीं पत्र्याच्या पातळ चकत्या असतात. त्यांतून एक-एक काढली कीं बेअरिंग घट्ट होत जातें. किती घट्ट तें मिस्त्री हातानेंच सांगत. तथापि मुलांच्या समाधानासाठीं आम्हीं शाळेच्या प्रयोगशाळेंतील ताणकांटा नेला होता. दोन्हीं बाजूंस लागलेलें बळ कांट्यावर सारखेंच भरलें, तेव्हां मिस्त्रींनीं कांट्याकडे जरा आदरानें पाहिलें. कांट्यानें मिस्त्रींकडे पाहावें, असें खरें म्हणजे आम्हांस वाटत होतें.

दुसरें काम पाण्याच्या टांकीचें. हें कोणाच्याच लक्षांत आलें नव्हतें. तें दहावींतल्या मुलीनें काढलें. तिनें विचारलें, “सर, टांकी मागच्या चाकांच्याही मागें आहे, मग ती पुढचीं चाकें उचलीत नसेल का?” तरफेचा नियम तिनें बरोबर जागीं लाविला. पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर ८० इंच. टांकी मागील आंसाच्या ४८ इंच मागें. टांकींत १०० लिटर, म्हणजे १०० किलो पाणी. ४८ गुणिलें १००, भागिलें ८०. पुढच्या चाकांवरून ६० किलो भार उचलला जातो! भार कमी झाला म्हणजे चाकांची जमिनीवरील पकड कमी होते, व सांधे कितीही घट्ट केले तरी गाडी थोडी भरकटतेच. सुताराचा यांत दोष धरूं नये. त्यास जेथें जागा दिसली तेथें त्यानें टांकी ठेविली. ती आतां काढून मागील आंसाच्या पुढें, बिछान्याच्या खालीं बसविली आहे. बिछाना त्यामुळें दोन इंच उंच झाला, हें काकूंस फारसें रुचलें नाहीं.

मुंबईहून खुंट आला. बेलक्रँक बसला, निपल साफ होऊन ताजें ग्रीस कडेनें बाहेर येईतों भरण्यांत आलें. टाय रॉडचीं टोंकें नवीं घातलीं. ड्रॅग लिंकचें बूच गोळ्यास टेंकेपर्यंत आवळून किंचित उलट फिरविलें व दोन्हीं टोंकांस नव्या पिना घातल्या; पिनांचे पाय मिस्त्रींनीं स्वतः वांकविले, मुलांस करूं दिले नाहींत. पेटीचा करकचून आवळलेला स्क्रू सर्वांत शेवटीं, ड्रॅग लिंक सुटी असतांना, सैल करून पुनः इतकाच घट्ट केला कीं, मध्यावर बोटांस जेमतेम जाणवावा. शेवटीं दोन्ही चाकें पुढील बाजूस मागच्यापेक्षां रेसभर जवळ आणून टाय रॉड कुलूपबंद केले. खडूची खूण पुनः मांडली. सव्वा इंच. म्हणजे साडेआठ अंशांच्या आंतबाहेर.

प्रथम आमखास मैदानावर सकाळीं रिकामी गाडी फिरविली. वळवून हात सोडला, तर स्टिअरिंग आपण होऊन सरळ झालें. पुढील आठवड्यांत तपासणी झाली व कागद मिळाला. स्नेह्यांच्या मनांत आणखी एक आशा होती: २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या मोटारींस व्हिंटेज म्हणून निराळी नोंदणी मिळते, ती मिळावी. परंतु ती मूळ स्वरूपांत राखलेल्या वाहनांकरितां आहे. पाठीवर घर घेतलेल्या जीपेस ती कोठून मिळणार! काकूंस याचें कांहीं वाटलें नाहीं. त्यांनीं विचारलें, “मग वेरूळास केव्हां?”

रविवारीं दुपारीं निघालों. गाडी स्नेही चालवीत होते. काकू त्यांच्या शेजारीं. आम्ही व दोघे विद्यार्थी मागें बिछान्यावर. दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशीं रहदारी दाट होती, तेथें गाडी दोन ट्रकांमधून सरळ निघाली. घाट लागला तसें बोलणें थांबलें. चढावर कोणास कांहीं वाटलें नाहीं. परतीच्या उतारावर, पूर्वीं बस आली होती त्याच वळणावर, स्नेह्यांनीं वेग अगदीं कमी केला. गाडी हाताबरोबर वळली व हाताबरोबरच सरळ झाली. काकू खिडकींतून बाहेर पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “डॉक्टर इथं एका हातानं चालवीत, दुसऱ्या हातांत विडी.” आणि मग आमच्याकडे वळून, “मुलांना हें सांगूं नका हो मास्तर,” असेंही म्हणाल्या. मुलें मागें बसून ऐकतच होतीं.

घाट उतरल्यावर गाडी कडेस लावून चहा करण्याचा बेत होता. पाणी होतें, दूध होतें, साखर होती. स्टोव्हची पिन मात्र सांपडली नाहीं. शेवटीं दौलताबादेस टपरीवरचा चहा घेतला.